कोरियाला पहिल्यांदाच जातोय: काय बघायचं ते नको, वागायचं-खायचं कसं ते सांगा

मुग्धा_क
नमस्कार मंडळी. आत्तापर्यंत वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

दसरा झाला की लगेच, ३ ऑक्टोबरला निघून ११ ला परत, असं दक्षिण कोरियाला जायचं घाटतंय. चौघं आहोत. मी, नवरा, लेक (वय १६, हे सगळं खूळ तिचंच, तीन वर्षं घरात कोरियन मालिकांशिवाय दुसरं काही लागत नाही) आणि सासूबाई. आईंचं वय ६८, पाय ठणठणीत, पण शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही.

एका टूरवाल्याकडे गेले तर त्याने आठ दिवसांत सतरा ठिकाणं आणि रोज रात्री भारतीय जेवण असा कागद हातात ठेवला. इतके पैसे घालून तिकडे जाऊन पनीर बटर मसाला खायचा तर मग इथला कोपऱ्यावरचा काय वाईट आहे? लोक कसे राहतात, काय खातात, कसे वागतात हे थोडं तरी कळावं एवढीच इच्छा आहे. यादी नको, ती नेटवर ढिगाने आहे. जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा.

पावशेर
लेकीला गाईड म्हणून न्या. फुकट. सबटायटलसकट.

भटकभवानी
मी २०२३ ला दहा दिवस एकटीच गेले होते. तुम्ही म्हणताय यादी नको, पण थोडी कामाची माहिती देतेच, ती नसली की पहिला दिवस नुसता चिडचिडीत जातो.

विमानतळावरच्या कुठल्याही छोट्या स्टोअरमधून टी-मनी कार्ड घ्या, माणशी एक. मेट्रो, बस सगळीकडे तेच. बाकी दुकानांत क्रेडिट कार्ड चालतं पण मी गेले तेव्हा हे कार्ड भरायला मशीन रोख नोटाच मागायचं, म्हणून थोडे वॉन जवळ ठेवा. हिशोबाला तेव्हा रुपयाला साधारण १६ वॉन धरत होते. बसमधून उतरताना पण कार्ड टेकवायचं हां, नाहीतर पुढच्या गाडीची बदलीची सवलत जाते. आणि हातात कॉफीचा उघडा ग्लास असेल तर सोलमध्ये बसवाला चढूच देत नाही, मला उतरवलं होतं, अख्खी बस बघत होती.

गूगल मॅप तिकडे चालत जायचा रस्ता दाखवत नव्हतं. नेव्हर मॅप टाकून घ्या, आणि भाषांतराला पापागो. ग्योंगबोकगुंग हा मोठा राजवाडा मंगळवारी बंद असतो, छांगदोकगुंग सोमवारी. दोन्ही बंद दारं मी स्वतः बघून आलेय. आपला जाड तीन पिनांचा प्लग बसत नाही, गोल दोन पिनांचा लागतो. आणि व्हिसा लागतोच, तो आधी.

पावशेर
नेव्हर मॅप! म्हणजे नावातच सांगून टाकलंय की कधीच पोचणार नाही.

वांगीभात
थांबा थांबा. मुग्धाताई, तिकिटं काढली नाहीत ना अजून? यंदा, २०२५ ला, छुसोक (त्यांचा पितरांचा मोठा सण) ६ ऑक्टोबरला आहे. ३ ला त्यांचा राष्ट्रीय सण, मग छुसोकचे तीन दिवस, बदली सुट्टी, ९ ला हंगुल दिवस (त्यांच्या लिपीचा), म्हणजे ३ ते ९ सलग सुट्टी. तुम्ही बरोब्बर त्याच्या मध्यात पडताय. गणपतीला मुंबईहून कोकणात जायला निघाल्यासारखं होईल. केटीएक्सची (त्यांच्या वेगवान रेल्वेची) तिकिटं मिळणं मुश्कील, कौटुंबिक खानावळी बऱ्याच बंद.

मुग्धा_क
अरे देवा!! नाही काढली. नवरा आज रात्रीच काढणार होता. वांगीभात, तुमच्या तोंडात साखर पडो.

शेवंती
सहा वर्षं सुवॉनला राहतेय (सोलच्या दक्षिणेला), म्हणून थोडं अधिकारवाणीने.

वांगीभात म्हणतायत ते खरंय, पण छुसोक टाळायचा म्हणजे काय टाळायचं ते तरी माहीत असू दे. आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा, म्हणजे कधी आपली भाद्रपदातली, कधी आश्विनातली. गेल्या वर्षी १७ सप्टेंबरला आला तर नेमकी अनंत चतुर्दशी होती, यंदा कोजागिरीच्या दिवशी. सकाळी पितरांपुढे पान मांडतात, नवा तांदूळ, फळं, मासे, सगळं ठरलेल्या दिशेला. त्याआधी गावी जाऊन थडग्यांवरचं गवत कापून येतात. पहिल्या वर्षी शेजारच्या आज्जींनी बोलावलं होतं, मी ते पान बघून एकदम गप्प झाले, घरचा महालय आठवला.

आणि सोंगप्यन! तांदळाच्या पिठाची पारी, आत तीळ-साखर नाहीतर मूग, नाहीतर चेस्टनट, आकार अर्ध्या चंद्राचा, म्हणजे आपली छोटी करंजीच, आणि पाइनच्या पानांवर उकडायचं. आपण हळदीच्या पानावर ठेवतो तसं. जिची सोंगप्यन सुबक तिला लेक सुंदर होते म्हणतात. माझी बघून आज्जी म्हणाल्या, तुला मुलगाच होऊ दे.

सण चुकला तरी बाजारात तांदळाच्या मिठायांच्या दुकानात मिळतात. दिवाळी करून या. ऑक्टोबरच्या शेवटी झाडं लाल-पिवळी झालेली असतात, हवा कोरडी, आईंना सोसेल अशी.

नाखूष_प्रवासी
सगळे गोड गोड लिहितायत म्हणून मी कडू लिहितो. शुद्ध शाकाहारी माणसाला घेऊन कोरियात "लोकल" खायचा हट्ट धरू नका. आम्ही धरला होता. किमचीत (आंबवलेल्या कोबीत) माशाचं नाहीतर खारवलेल्या कोळंबीचं पाणी. भाजीच्या सुपाचा रस्सा सुक्या मासळीचा. बिबिमबापमधून (भाज्या घातलेला भात) मांस काढायला सांगितलं तर काढून दिलं, पण वरच्या तिखटाच्या चटणीत परतलेला खिमा निघाला. "शाकाहारी" म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि हॅम घालतो, कारण त्याच्या लेखी ते मांस थोडंच आहे! माझ्या वडिलांनी तिसऱ्या दिवशी केळी आणि दहीभात यावर उरलेली सहल काढली. टूरवाल्याला शिव्या देऊ नका, त्याने पन्नास आज्या सांभाळल्यात.

भटकभवानी
@नाखूष, रस्सा आणि किमचीबद्दल शंभर टक्के बरोबर. पण उपाय आहे हो. "शाकाहारी" हा एक शब्द फेकून भागत नाही, एकेक वस्तू सांगावी लागते. मांस नको, मासे नको, मासळीचं पाणी नको, अंडं नको. मी लेकीएवढ्याच एका मुलीकडून कोरियनमध्ये कार्डावर लिहून घेतलं होतं आणि ते स्वयंपाकघरात पाठवायचे. दोनदा आतून बाई बाहेर येऊन "नाही जमणार" म्हणाली, सरळ. ते बरं, खोटं हो म्हणण्यापेक्षा.

साजूकतूप
थेपले, मेतकूट, छोटा राइस कुकर. विषय संपला.

सुमेध_रा
संपला नाही, आत्ता सुरू होतोय 🙂 मुग्धाताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर देवळात आहे. टेम्पलस्टे करा, एक रात्र.

२००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी पाहुण्यांना खोल्या कमी पडतील म्हणून बौद्ध मठांनी दारं उघडली, ते पुढे चालूच राहिलं. एक रात्र दोन दिवस, मठाचे कपडे, पहाटे अंधारात घंटा, आणि जेवण पूर्ण शाकाहारी. नुसतं शाकाहारी नाही, कांदा-लसूणही नाही. आईंना आवडेल अशी गंमत सांगतो: त्यांच्याकडे पाच उग्र पदार्थ वर्ज्य. लसूण, पातीचा कांदा आणि त्याच घराण्यातले आणखी दोन, आणि पाचवा, ऐका, हिंग! कोरियात हिंग उगवत नाही, बहुतेकांनी बघितलेलाही नाही, पण ग्रंथ इकडूनच गेले म्हणून यादीत राहिला.

सोलमध्येच बुखानसानच्या पायथ्याला जिनग्वान्सा आहे, भिक्षुणींचा मठ, जेवणासाठी नावाजलेला. तिथे जागा लवकर भरतात, आत्ताच बघा.

साजूकतूप
हिंग वर्ज्य? मग आमटीला काय घालतात??

पावशेर
वैराग्य.

सुमेध_रा
😂 सोयाबीनची आंबवलेली पेस्ट घालतात, त्वेनजांग. वास पहिल्यांदा अंगावर येतो, दुसऱ्या दिवशी आवडायला लागतो.

काही मठांत चार वाडग्यांचं जेवण असतं, बारुगोंगयांग. बोलायचं नाही, घेतलं तेवढं संपवायचं, शेवटी मुळ्याच्या एका फोडीने वाडगे पुसून घ्यायचे, त्यात पाणी फिरवायचं आणि ते पाणी प्यायचं. आमच्या ग्रुपमधली दोन मुलं हिरवी-पिवळी झाली. मी घटाघट प्यायलो. आमचे आजोबा ताटात पाणी घालून बोटाने फिरवून रोज प्यायचे, मला कशाची भीती!

नाखूष_प्रवासी
एक रात्र देवळात, उरलेल्या सात रात्री काय? 😏

रांजणगावकर
रांजणगावला एका कोरियन कंपनीत अकरा वर्षं काढली, त्यात दोनदा तिकडे ट्रेनिंग. खाण्याचं चालू द्या, मी वागण्याचं सांगतो.

देताना घेताना दोन हात. कार्ड असो, पैसे असोत, निदान उजवा हात पुढे आणि डावा त्याच्या कोपराला. आपण प्रसाद घेताना करतो की नाही, तसंच. जेवायला बसल्यावर सगळ्यात मोठा माणूस चमचा उचलेपर्यंत थांबायचं, म्हणजे तुमच्यात आई. भात चमच्याने खातात, वाडगा हातात उचलत नाहीत. चॉपस्टिक भातात उभी खुपसायची नाही, ते मेलेल्या माणसाच्या पानावर करतात. माझ्याकडून पहिल्याच दिवशी झालं, साहेबाने काही न बोलता हळूच काढून आडवी ठेवली, मला दुपारी कळलं का ते. लाल शाईने कुणाचं नाव लिहू नका.

टेबलावर चमचे दिसले नाहीत तर बाजूला खण असतो, तो उघडा. हाक मारायला टेबलावर घंटी असते, नाहीतर "योगियो!" असं ओरडायचं, त्यात उद्धटपणा नाही. बरोबर येणाऱ्या छोट्या वाट्या, बानचान, संपल्या की परत मिळतात, पैसे नाहीत. टिप ठेवू नका, एकदा ठेवली तर पोरगं रस्त्यावर पैसे परत द्यायला धावत आलं. मेट्रोत डब्याच्या टोकाच्या जागा वयस्कर लोकांच्या, रिकाम्या असल्या तरी तरुण बसत नाहीत. आईंना खुशाल बसवा, तुम्ही उभे राहा.

आणि वय विचारतील, लगेच, ओळख झाल्या झाल्या. चौकशी नाही ती, तुमच्याशी कुठल्या क्रियापदात बोलायचं हे ठरत नाही त्याशिवाय. आपलं तू आणि तुम्ही आहेच की, त्यांचं त्याहून बारीक आहे एवढंच.

शेवंती
@रांजणगावकर अगदी! आणि "जेवलात का?" हे पण. भेटल्यावर विचारतात, खरं उत्तर नको असतं. पहिल्या महिन्यात मी मेनूसकट सांगायचे. "आमची आई", "आमचं घर" हेही तसंच म्हणतात, माझी नाही, आमची. आणि वडील म्हणजे आप्पा. माझ्या मुलाला शाळेत वेगळं काही शिकवावंच लागलं नाही.

चिंचगूळ
आप्पा वरून आठवलं, अयोध्येची राजकन्या कोरियाची राणी झाली होती ना? मग आपलं नातं जुनंच की.

अनुस्वार
होऊ शकतं असं म्हणू या. 'सामगुक युसा' या तेराव्या शतकातल्या ग्रंथात गोष्ट आहे: इ.स. ४८ मध्ये आयुता देशाची राजकन्या हो ह्वांग-ओक नावेतून आली आणि गाया राज्याच्या सुरो राजाशी तिचं लग्न झालं. आयुता म्हणजे अयोध्या हे नंतरचं जुळवणं, अभ्यासकांत एकमत नाही. पण बुसानजवळ गिमहेला तिचं थडगं आहे, आणि गिमहे किम घराण्याचे लोक तिला मूळ आई मानतात हे खरं. अयोध्येत २००१ मध्ये तिचं स्मारकही झालं. यावरून वेगळा धागा काढा, इथे पानिपत नको.

अवांतरच चाललंय तर: हंगुल लिपी शिकून जा. सेजोंग राजाने १४४३ मध्ये तयार केली, १४४६ मध्ये जाहीर केली. इंग्रजीवाल्यांना जड जाते, आपल्याला नाही. ग, ख असे आवाज वेगळे ऐकायची आपल्या कानाला सवय आहे, आणि अक्षरं एका चौकोनात रचायची म्हणजे जोडाक्षरंच. मी विमानात दोन सिनेमांऐवजी दोन तास घालवले आणि उतरल्यावर पाट्या वाचत सुटलो. अर्थ कळत नव्हता पण "खोपी" वाचलं की कॉफी मिळत होती.

चष्मिष्ट
हानबोक (त्यांचा पारंपरिक पोशाख) भाड्याने घेऊन राजवाड्यात फोटो काढणं हे संस्कृतीत येतं का? मला तर जत्रेतला फोटो स्टुडिओ वाटला. वायरचा घेर, सोनेरी छाप, खाली स्पोर्ट शूज.

भटकभवानी
घातला की राजवाड्याचं तिकीट माफ, म्हणून सगळे घालतात 🙂 मी घातला, मजा आली, लाज नाही.

शेवंती
चष्मिष्ट, तिकडच्या लोकांतही यावरून वाद झालेत. ते भाड्याचे घेरदार म्हणजे आपली शिवलेली नऊवारी समजा. आजी नाक मुरडणार, पोरी घालून नाचणार. साधा सुती किंवा रेशमी हवा तर गल्लीतल्या आतल्या दुकानात मागा, असतो.

पण हानबोक घालून बुकछोनला जाणार असाल तर ऐका. ती जुनी कौलारू घरं म्हणजे सेट नाही, लोक राहतात तिथे. मुख्य भागात पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच मुभा, आणि मार्च २०२५ पासून वेळ मोडली तर १ लाख वॉन दंड. दारात उभं राहून ओरडत रील काढायची नाही. तुमच्या वाड्यात कुणी सकाळी सात वाजता असं केलं तर?

पावशेर
आमच्या वाड्यात मालकच सात वाजता ओरडतो.

मृगनक्षत्र
कुणीच चिमजिलबांगबद्दल लिहिलं नाही? लाजतायत सगळे.

सार्वजनिक न्हाणीघर. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, आणि आत अंगावर काही नाही. काहीही नाही. मी आणि माझी नणंद पाच मिनिटं लॉकरपाशी एकमेकींकडे पाठ करून उभ्या. मग एक सत्तरीच्या आजीबाई टॉवेल खांद्यावर टाकून आमच्यामधून आरामात निघून गेल्या आणि आम्हाला आमचंच हसू आलं. आत कुणी कुणाकडे बघत नाही हो.

गरम पाण्यात वीस मिनिटं बसल्यावर पैसे देऊन अंग घासून घेता येतं. हिरव्या खरखरीत पिशवीसारखा हातमोजा असतो, त्याला ते इटली टॉवेल म्हणतात. त्या मावशींनी मला आडवं पाडलं, पाठीवर चापट मारली म्हणजे वळ, दोन चापट्या म्हणजे उलटी हो. हातावरून मळाच्या राखाडी वळकट्या निघाल्या आणि त्यांनी त्या मला दाखवल्या, मान हलवत. रोज आंघोळ करणारी बाई मी! नरकचतुर्दशीचं उटणं त्यापुढे पावडर लावल्यासारखं. नंतर टीशर्ट-चड्डी देतात, तांदळाचं गोड थंड सिख्ये प्यायचं आणि गरम जमिनीवर सगळ्यांनी एकत्र लोळायचं.

नाखूष_प्रवासी
हे मात्र मलाही आवडलं होतं. नोंद घ्यावी.

घाटवाटा
सह्याद्रीवाल्यांनी बुखानसान करा. बेगुनदे हे सगळ्यात उंच टोक ८३६ मीटर, कळसूबाईच्या निम्मंच, पण शेवटी सरळ ग्रॅनाइट आणि लोखंडी दोर. मेट्रोने पायथ्याशी जाता येतं हे अजून पचलेलं नाही मला. वर साठीच्या काकवा पूर्ण जामानिम्यात, टोपी, काठ्या, आणि पिशवीतून निघाली काय तर काकडी. मला अर्धी मोडून दिली, न विचारता, "खा" म्हणून. राजगडाच्या पायऱ्यांवर बसल्यासारखं वाटलं. उतरल्यावर पातीच्या कांद्याचं धिरडं आणि माकगोली, भाताची पांढरट दारू. पाऊस पडला की तर घरोघर तेच, तव्यावरचा आवाज पावसासारखा येतो म्हणतात. आपण कांदाभजीला उगाच कारण शोधत बसतो.

मुग्धा_क
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! भाऊबीज झाली की निघायचं नक्की केलं, २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर. सोल, एक रात्र मठ, मग ग्योंगजूला दोन रात्री.

वांगीभात
ताई, मी तुमच्या मागेच लागलोय असं समजू नका 🙏 पण ३१ ऑक्टोबर-१ नोव्हेंबरला ग्योंगजूलाच एपेकची (आशिया-पॅसिफिक देशांची) शिखर परिषद आहे. त्या सगळ्या देशांचे नेते. हॉटेल मिळणार नाही, मिळालं तर रस्ता मिळणार नाही.

मुग्धा_क
तुम्ही आमच्याबरोबरच चला ना, खर्च आम्ही करतो 😭 बरं, मग बुसान.

मुग्धा_क
धागा वर काढतेय. आलो परत!

नाखूष, आधी तुमच्यासाठी: थेपले नेले होते आणि लागले. दोन दिवस रात्रीचं जेवण थेपले-दही हेच झालं, आणि बुसानला तर मासळीबाजाराच्या गल्लीत आई नाकाला पदर लावून उभ्या होत्या. कोरियन कार्ड लेकीने लिहिलं, पाच ठिकाणी दाखवलं, तीन ठिकाणी "नाही जमणार", दोन ठिकाणी जमलं. सोलमध्ये गिंको झाडांनी रस्ते पिवळेधमक होते, फोटो सुंदर, पण खाली पडलेल्या फळांचा वास कुणी सांगितला नव्हता. बाळाच्या लंगोटासारखा.

क्वांगजांग बाजारात एका गाड्यावर भिजवलेले मूग वाटत होते, दगडाचं जातं विजेवर फिरत होतं. आई तिथून हलेनात. बिंदेत्तोक म्हणजे मुगाचं धिरडंच. खाता आलं नाही, त्याच तव्यावर मांसाचे वडे तळत होते, पण त्यांनी त्या बाईला हातानेच विचारलं, तांदूळ घालतेस का? तिने मूठ दाखवली, मग चिमूट. दोघींचं बराच वेळ असंच चाललं होतं, लेक भाषांतर करायला गेली तर दोघींनी तिला बाजूला केलं.

मठात १०८ नमस्कार होते, प्रत्येक नमस्काराला एक मणी ओवायचा. लेक तिसाव्याला बसली, नवरा चाळिसाला. आईंनी चोपन्न घातले, "अर्धी माळ झाली, उरलेली बसून" म्हणाल्या आणि सगळ्यांचे मणी ओवून दिले. सकाळच्या जेवणात कमळाचं देठ, भोपळ्याची पेज, तीन-चार पालेभाज्या. कार्ड दाखवायची गरज नाही, विचारायचं नाही, आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सुमेध, हिंगाचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, एवढं सोडलं तर बाकी सगळं जमतंय यांचं.

काल मूग भिजत घातलेत. मूठभर की चिमूटभर यावरून वाद चालू आहे.

साजूकतूप
चिमूटभर. जास्त झालं तर कडक होतात.

चिंचगूळ
भारी! आम्ही फेब्रुवारीत जायचं म्हणतोय, पाच वर्षांचा मुलगा आहे. थंडी कितपत?

शेवंती
सोलला रात्री उणे दहापर्यंत जाते कधीकधी. इथली थर्मल इथेच घ्या, स्वस्त आणि बरी मिळतात. आणि आधी सोल्लालची तारीख बघा, चांद्र नववर्ष, २०२६ ला १७ फेब्रुवारीला आहे.

वांगीभात
मी हेच लिहायला आलो होतो.